जित्या पोरीचं पान

जैनथ, जि. आदिलाबाद
ता. १० मे १९९३

विमलनं तुले एकच गोष्ट मागितली होती, का कथेत मले मारू नको. बाकी काय लिहायचं ते लिही म्हणे. तू नेमकं तेवढंच ऐकलं नाई. सगळं तिच्या तोंडून काढून घेतलं, तिच्या हातची भाकर खाल्ली, अन् शेवटच्या पानावर तिले पेनगंगेत ढकलून मोकळा झाला. हे मले आधी म्हणायचं होतं. म्हटलं. आता आशीर्वाद घे.

चि. माणिक, तुले, सूनबाईले अन् बाळाले आजीकडून आशीर्वाद. इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. तुझा बाप दोन टाईम पानावर बसते, जेवते किती ते इचारू नको. पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावर नांगरून पडलं हाय. म्हैस आटली. माझ्या उजव्या डोळ्यावर पडदा आला. आदिलाबादचा डॉक्टर म्हणते काढून टाकू. मी म्हटलं थांब बाबा, एक पत्र लिहायचं हाय, मंग काय काढायचं ते काढ. अक्षर माझंच हाय. दुसऱ्याच्या हातानं लिहून घेतलं असतं तर पत्र तुले पोचायच्या आधी गावाले पोचलं असतं. चुका दिसतील. तू मराठीचा प्राध्यापक, लाल शाई लावू नको.

तुझी कथा मी वाचली. दिवाळी अंक बापूजी गुरुजींनी शाळेसाठी मागवला होता. तुझं नाव पाहून ते हाती धरूनच घरी आले. मोठा आनंद त्यायले, का आपल्या शाळेतलं पोरगं छापून आलं. मी तो अंक ठेवून घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला, तुळशीच्या लग्नाले सुरू केला अन् संक्रांतीचे तीळ भाजले तोवर संपवला. तुले यवतमाळात शाल पांघरली म्हणे त्याच्यासाठी. पांघर बापा. थंडी वाजत असन.

आता मी अडाणी काय सांगू, पण इचारते. कथेत तू लिहिलं का तिची माय मेली, त्या दुःखानं ते पोरगं मायचं लुगडं नेसू लागलं, अन् तिथून सगळं बिघडलं. हे कुठून आणलं? तुमची माय कौशल्या गेली तवा तू सातवीत होता, लहान नव्हता, तुले आठवते. माय चांगली धडधाकट होती, चुलीपाशी बसून ओरडत होती, तवाच हे लेकरू भुलाबाईच्या गाण्याले पोरींमंधी जाऊन बसत होतं. मी एकदा कान धरून उठवलं. म्हटलं दौलत, पोट्ट्यायनं इथं येऊन बसू नाई. तर मले म्हणते, आजी, मी येऊन बसली नाई, मी इथलीच हाय. सात-आठ वर्षाचं लेकरू. कान सोडून दिला मी. आपण पोरगा समजून दौलत नाव ठेवलं, तिनं मोठं झाल्यावर विमल ठेवलं. गोष्ट एवढीच हाय. तुमा शिकलेल्यायले प्रत्येक गोष्टीले कारण लागते. मी काळी काऊन झाली, हे कोणी इचारलं का? झाली.

अन् ते एक वाक्य, “निसर्गाची चूक.” खाली लोकायनं रेघ मारली असन त्याच्या. निसर्गानं तुले विचारून केलं असतं तर तुझं नाक जरा सरळ केलं असतं.

आजी कथेत फार रडते. पदर डोळ्याले लावते, “लेकरा, तू कुठं गेलास रे” म्हणते. मी जन्मात कोणाले असं म्हटलं नाई. विमल घर सोडून गेली त्या दिवशी मी रडली नाई. तुझा बाप तिले म्हणाला होता का एक तर ते लुगडं सोड नाई तर हा उंबरा सोड. तिनं पत्र्याची पेटी भरली अन् उंबरा सोडला. तू लिहिलं का तिले कोणी फरफटत नेलं, केस धरून. कोणी नेलं नाई. आपल्या पायानं स्टॉपवर गेली, बसमध्ये जागा नव्हती तर पेटीवर बसून गेली. मी तिच्यासंग भाकरी अन् लसणाची चटणी बांधून देली. माझं रडणं म्हणजे ते. कथेत ते नाई, कारण त्याच्यात पाणी नाई.

अन् तू. कथेतला भाऊ नदीवर धावत जाते, तिले छातीशी धरते, हात सोडत नाई. तुझ्या लग्नात ती पिवळं पातळ नेसून आली होती, तुझ्यासाठी अहेर घेऊन. तू तिले मांडवात येऊ देलं नाई. आचाऱ्याच्या चुलीपाशी बसवलं, अन् वरून निरोप धाडला का पाहुणे जाईस्तोवर तिथंच थांब. तिथं बसून तिनं तीनशे माणसाच्या पोळ्या लाटून देल्या. एवढे लांब हात होते तुझे तर त्या दिवशी कुठं ठेवले होते? हे मी तुले आजवर बोलली नाई. लग्नाच्या घरी बोलायचं नसते म्हणून चूप राह्यली, अन् मंग बोलायचं राहून गेलं.

ती मात्र रागवली नाई तुझ्यावर. तू मागल्या सालच्या चैत्रात आदिलाबादले तिच्या घरी गेला, वही घेऊन, तर तिनं अख्ख्या गल्लीले सांगितलं का माझा भाऊ आला. मी त्या महिन्यात दवाखान्याले गेली होती, तवा भेटली तिले. हो, भेटते मी. डोळ्याच्या नावाखाली भेटते, तुझ्या बापाले ठाऊक नाई. तिची गुरू, जिच्या घरी ती राहते, मले खुर्ची देते अन् तेलुगूत काही बोलते, मले समजत नाई, पण चहा चांगला करते. विमल तवा बांगड्याचा धंदा करत होती. तामसीच्या बाजारात पाल लावत होती. बायका म्हणत, हिच्याइतका हलका हात कोणाचा नाई, काच टिचत नाई. काही जणी हसत, अन् हसता हसता हात पुढे करत.

ती मले म्हणे, आजी, माणिक लिहिणार हाय माझ्यावर. मी इचारलं, कायले? म्हणे, बाबा वाचतील, समजतील. मंग म्हणे, मी त्याले एकच सांगितलं. सिनेमा असो का नाटक, आमच्यासारखी आली का एक तर लोक हसतात, नाई तर शेवटी ती मरते. मधलं काही नसतेच. म्हटलं, मले बाजारातून घरी येताना दाखव, वांगे घेऊन. तेवढं कर.

तू नदी घेतली. वांग्यायले कोण शाल देते.

काल इथंच थांबली. तुझा बाप अंगणात येऊन उभा राह्यला, काय लिहून राह्यली म्हणे. मी म्हटलं, माणिकले. तो गेला नाई, उभाच राह्यला. मंग म्हणे, लिही. आज सकाळी म्हैस पाहाले माणसं आली होती, आटलेली म्हैस घेऊन काय करता म्हटलं तर हसले अन् गेले. मी पुढचं लिहायचं टाळून राह्यली, हे मलेच समजते. लिहिते.

तुझा बाप निजामाच्या शाळेत उर्दू शिकला. मराठी अक्षर त्याले दगडासारखं. तू प्राध्यापक झाला पण हे तुझ्या ध्यानात राह्यलं नाई, का त्यानं समजून घ्यावं म्हणून लिहिलेली कथा त्याले वाचताच येत नाई. माघात एक दिवस बापूजी गुरुजींनी त्याले ओसरीवर बसवून वाचून दाखवली. चांगल्या मनानं वाचली. मी घरात नव्हती, वावरात होती. आली तर तुझा बाप खांबाले टेकून बसला, पाहुण्याच्या घरी बसते तसा. गुरुजी मले म्हणाले, आजी, यशवंतराव फार रडले. ते खुश होते, का कथा लागली.

कथा लागली नाई रे माणिक. त्याले ते खरं वाटलं.

गावात छापून काय येते? पोथी येते, सरकारी कागद येते, नाई तर मेल्याची बातमी. त्याच्यात नदीचं नाव खरं, खाली पोराचं नाव. अन् सगळं “मी” म्हणून लिहिलेलं. त्यानं समजून घेतलं का भाऊ होता तिथं, त्यानं डोळ्यानं पाह्यलं, बापासमोर उभं राहून सांगायची हिंमत झाली नाई म्हणून छापून खबर धाडली. गुरुजी म्हणाले असतील का ही कल्पना हाय, तर त्याच्या कानात शिरलं नसन. तो कोणाले काही बोलला नाई. गूळ सोडला, चहा बिनसाखरेचा पेऊ लागला. मले वाटलं साखरेची बिमारी लपवून राह्यला. गावातल्या दोघा-चौघायले मात्र सांगून बसला का माझं एक लेकरू गेलं. ते येऊन त्याच्यापाशी बसत, तमाखू मळत. बारा वर्षं ज्या लेकराचं नाव काढलं का उठून जात होते, तेच लोक.

अक्षय तृतीयेले आपल्या घरी तुझ्या आजोबाचं पान असते, शेजारचा धोंडीबा त्या पानावर बसते. तुले ठाऊक हाय. बाप्या गेला असन तर त्याच्या नावानं जेवायले बाप्या बसवायचा, बाई गेली असन तर बाई. त्या दिवशी सकाळी मी पुरण वाटत होती. यशवंता आला अन् म्हणाला, माय, एक पान जास्त मांड. मी म्हटलं, कोणाचं? तो चुलीकडे पाहून म्हणाला, “पोरगी कुवारीच गेली आपली. मंग कुवारीच बसवावी लागन ना?”

पाट्यावरचा माझा हात थांबला. पोरगी. त्या लेकराच्या जन्मापासून त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. त्या शब्दासाठीच तिनं घर सोडलं, त्याच्यासाठी तुले भाकरी खाऊ घातल्या. अन् तो बाहेर निघाला तो असा.

मी त्याले तिथंच सांगितलं. म्हटलं, यशवंता, ती जिती हाय. मी होळीच्या आधी भेटली तिले. त्यानं माझ्याकडे पाह्यलं तर असं, का म्हातारीचं डोकं गेलं. म्हणे, माय, तुले कोणी सांगितलं नाई म्हणून तू अशी बोलते. माणिकनं लिहिलं हाय. शेजारच्या जयवंताबाईची कुवारी लेक पानावर बसायले सांगून ठेवली होती त्यानं आधीच, ती हात-पाय धुवून आली. अंगणात पान मांडलं. हिरवं लुगडं ठेवलं पानाजवळ, अन् बांगड्या. जयवंताबाई दारात होती, धोंडीबा होता, आणखी दोघे-चौघे. सगळे डोळे पुसत. मी मनात म्हटलं, एवढं जेवण होऊन जाऊ दे, मंग हात धरून आदिलाबादले नेते याले.

तेवढ्यात ती आली.

गुरुजी आदिलाबादले तिले बाजारात भेटले होते, अन् म्हणाले होते का बाबा तुझी कथा ऐकून रडले. तिले वाटलं समजलं आता बाबाले. सणाले लेकी माहेरी येतात तशी ती आली. पिवळं पातळ, पिशवी, डोक्यावर ऊन घेऊन. फाटकातूनच ओरडली, “आजी, मी आली व. पुरण ठेवलं का सगळं पित्तरायनंच खाल्लं?”

जयवंताबाईची लेक पानावरून अर्धी उठली. यशवंता पाहत राह्यला. पहिल्यांदा त्याचं तोंड असं झालं, माणिक, का मी देवाले मानत असती तर तवा मानलं असतं. एक पाऊल उचललं त्यानं. मंग त्याची नजर धोंडीबाकडे गेली, जयवंताबाईकडे गेली, अन् ते पाऊल जिथून उचललं तिथंच ठेवलं.

तिनं हसून इचारलं, हे पान कोणाचं बाबा?

मी म्हटलं, यशवंता, तुझी पोरगी दारात उभी हाय. पान दे तिले.

तो हळू बोलला, पण अंगणभर ऐकू गेलं. “मेलेलीले पोरगी म्हटलं तर गाव रडलं माझ्यासंग. जितीले म्हणीन तर हसन.”

मी तिचं मनगट धरलं, ओढून पानावर बसवायले. तिनं सोडवून घेतलं, मले दुखणार नाई असं. तिले समजलं होतं. लुगडं पाह्यलं, निखाऱ्यावर टाकायचा घास पाह्यला, अन् समजलं. तोंड धुतल्यासारखं कोरं झालं तिचं. मंग ती जयवंताबाईच्या लेकीसमोर खाली बसली. म्हणे, बस बाई, उठू नको, पान सोडू नाई. हिनं पानाजवळच्या बांगड्या उचलल्या, त्या पोरीचा हात मांडीवर घेतला अन् एक एक भरू लागली. तो तिचा धंदा, हात आपोआप चालत होता. पण बांगड्या राहत नव्हत्या. कोपरापर्यंत चढत होत्या अन् हात खाली केला का घसरून निघत होत्या.

तिनं एक बांगडी आपल्या बोटात फिरवून पाह्यली. नांगर धरलेले हात तिचे, रुंद, तुले ठाऊक हाय. बाजारात तिले स्वतःचं माप कधी भेटत नाई, सांगून करून घ्यावं लागते. यशवंतानं सांगून आणल्या होत्या. बारा वर्षाआधीचा हात ध्यानात ठेवून आणल्या होत्या.

ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, “माप मोठं झालं, बाबा.”

तेवढंच. मंग पिशवीतून आपल्या जवळच्या बांगड्या काढल्या, त्या पोरीच्या मापाच्या, त्या भरल्या. मोठ्या बांगड्या पानाजवळ परत ठेवल्या. पुरण खाल्लं नाई. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, ते पेली. माझ्या पायाले हात लावला अन् गेली. मी मागं निघाली, पण माझे पाय तिच्या पायाएवढे नाईत. फाटकाजवळ आली तवा ती वळणावर होती, अन् वळून पाह्यलं नाई.

त्या दिवशी रात्री कोणी जेवलं नाई. दुसऱ्या दिवशी तुझा बाप बैलाले पाणी पाजता पाजता, बैलालेच म्हणावं तसं म्हणाला, का बस भेटली असन का तिले? मी म्हटलं, तूच इचारून ये. तो गेला. खरंच गेला. स्टॉपवर जाऊन दुकानवाल्याले इचारून आला. आता रोज जाते. संध्याकाळची आदिलाबादची बस येते तोवर उभा राहते, लोक उतरतात ते पाहते, घरी येते. कोणी हसते का नाई, हे त्याच्या ध्यानात नाई आता. असं होईल हे त्या दिवशी अंगणात ठाऊक असतं तर.

मी तामसीच्या बाजारात गेली. पाल नव्हतं. आदिलाबादले गेली. गुरूनं खुर्ची देली, चहा केला नाई. मोडक्या हिंदीत म्हणाली, अम्मा, वो तो तुम्हारे घर गई थी, फिर आई नहीं. पेटी तिथंच हाय. कपडे तिथंच हाय.

दुकानवाला म्हणते, त्या दिवशी ती आदिलाबादच्या बसमध्ये बसलीच नाई. पलीकडच्या बसमध्ये बसली, नदीकडे जाणाऱ्या. पूल ओलांडला का महाराष्ट्र, पुढे पांढरकवडा, पुढे तुझं यवतमाळ. म्हणून मी तुले लिहून राह्यली. ती पुलाच्या पलीकडे गेली का पुलावरच उतरली, हे मले कोणी सांगत नाई. यशवंता मले इचारते, माणिकनं लिहिलं तो पूल कोणता? मी म्हणते, तो कथेतला हाय. तो म्हणते, हो, पण कोणता?

तुझ्याकडे आली असन, असं मी धरून चालते. तुझ्यावर ती रागवत नाई. दुसऱ्या कोणाकडे जाईल? आली असन तर आचाऱ्याच्या चुलीपाशी बसवू नको. समोरच्या खोलीत बसव, कोणी आलं तर सांग ही माझी बहीण. सूनबाईले कठीण वाटलं तर मले सांग, मी बोलते तिच्यासंग. अन् नसन आली तर कॉलेज सोड, शाल बाजूले ठेव, अन् दोन्ही काठानं गावोगाव फिर. बांगड्याच्या पालावर इचार. तिच्यासारख्या दुसऱ्या बायायले इचार, आदबीनं इचार. तुझ्या बापानं तिले सांगायले सांगितलं हाय का घरी ये. त्यानं असं म्हटलं नाई, पण रोज स्टॉपवर जाते, त्याचा अर्थ तोच. हे तिले माझ्या शब्दात सांग, तुझ्या शब्दात नको.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाई. “विमल सुखरूप हाय” असं तुझ्या अक्षरात आलं तर मी ते चुलीत टाकीन. तू लिहिलेलं खरं वाटते, माणिक. त्यानंच घात केला आपला. पुन्हा तुझ्यावर भरवसा ठेवण्याएवढं आयुष्य माझ्याजवळ नाई, अन् तुझ्या बापाजवळ काळीज नाई. दोन ओळी चालतील, शिव्या चालतील, पण तिच्या हातच्या पाहिजे. तिनं लिहावं. दुसऱ्या कोणी नाई.

तुझी, अन् तिची,
आजी रुक्माबाई